सूत

कूलर आधी बंद केला,
त्याच्या घरघरीत भंतेंचा आवाज बुडाला असता.
वैशाखातलं इंदोरा, रात्रीचे नऊ,
टिनाखालच्या खोलीत आम्ही तेरा जण
आणि खाटेवर उत्पला, अकरा वर्षांची,
जिच्या रक्तात विळे फिरतात.

डॉक्टरांनी कागदावर काढून दाखवले होते:
ही गोल पेशी, ही विळ्यासारखी,
अशी अडकते, बघा, मग दुखतं.
मी म्हटलं, विळा ओळखतो साहेब,
माझी माय दुसऱ्याच्या धुऱ्यावर गवत कापायची.
मग ते म्हणाले, अर्धा तुमच्याकडून आला, अर्धा हिच्या आईकडून.
त्यावर मी गप्प.

सुताला माझा विरोध होता.
छप्पनच्या दसऱ्याला माझ्या आज्यानं
उसना पांढरा सदरा घालून
गळ्यातला गंडा दातानं तोडला,
टोपलीभर देव कन्हानच्या पाण्यात सोडले,
आणि त्याचा नातू आता
पोरीच्या हाताला दोरा बांधू देणार?
कुंदाला मी हेच म्हटलं, जरा जोरात.
ती पुड्या मोजत राहिली,
सकाळची, रातची, तापाची वेगळी.
"गोळ्या मीच देते ना," म्हणाली,
"एक तरी चुकली का आजवर?"

भंते धम्मसार पूर्वी कामठीच्या शाळेत गणित शिकवायचे.
माझं ऐकून हसले.
दोरा काही करत नाही, म्हणाले,
कळ वाढली का मेडिकलला न्या, मला फोन करत बसू नका.
पण तथागत आजारी पडले तेव्हा
चुंदाला म्हणाले, तू म्हण, मी ऐकतो.
ज्यानं शिकवलं
त्यालाही कुणाच्या तरी तोंडून ऐकावंसं वाटलं.
मला यावर उत्तर सुचलं नाही.
अजूनही सुचलेलं नाही.

मूर्तीच्या पायापासून सूत निघालं,
पाण्याच्या मडक्याला तीन वेढे घेऊन
भंतेंच्या बोटांतून, शेजारच्या पोरांच्या,
शेवंताबाई गजघाट्यांच्या, मग माझ्या,
आणि शेवटी उत्पलाच्या मुठीत.
मी अजनी शेडमधला वायरमन,
तार कुठून कुठे जाते ते बघायची सवय.
या तारेत करंट नव्हता. खात्रीनं सांगतो.

पाली मला कळत नाही.
शेवंताबाईलाही नाही, पण तिला पाठ आहे,
भाकर थापताना हाताला पाठ असते तशी.
बाहेर कुल्फीवाल्याची घंटी, कुणाची तरी सुरू न होणारी स्कूटर,
आत घामानं भिजलेले आम्ही
आणि तो आवाज, न घाई करणारा.

दहाच्या सुमारास कळ आली.
ती ओरडली नाही.
सूत ओढलं गेलं, एवढंच.
माझ्या दोन बोटांत झटका,
मग शेवंताबाईच्या, मग पलीकडच्या पोराच्या,
एकामागोमाग माना वर झाल्या.
कोणी थांबलं नाही, आवाज थोडा वाढला.
इतकी वर्षं मी विचारत आलो, किती दुखून राहिलं बेटा,
ती म्हणायची, थोडंसं.
त्या रात्री ते थोडंसं
मला बोटात कळलं.

साधु, साधु, साधु.
कुंदानं गोळी दिली, मडक्यातल्याच पाण्यासोबत.
कूलर सुरू झाला.
साडेदहाला झोपली, असं मी वहीत लिहिलं
तापाच्या आकड्याशेजारी.

सोमवारी मेडिकलमध्ये हिमोग्लोबिन सात पूर्णांक दोन.
मागल्या खेपेलाही तेच.
मी मनातल्या मनात आज्याला म्हटलं,
बघ, आकडा हलला नाही.
आजा काही बोलला नाही.
रक्त घेणारी मुलगी मनगटाशी शीर शोधत होती,
काका, हा दोरा कापू का, आड येतो.
उत्पलानं माझ्याकडे पाहिलं.
कापू नका, मी म्हटलं,
सरकवा थोडा.