ताव

अड्याळच्या बसथांब्यामागे माझं दुकान.
मिक्सर, मोटरपंपाचे स्टार्टर, काच फुटलेले फोन.
मंगळवारी दुपारी निकेश हटवार आला, बुटीबोरीहून, सुट्टीवर,
आणि रुमालात गुंडाळलेलं काहीतरी
काउंटरवर असं ठेवलं
जसं कोणी मेलेलं पाखरू ठेवतं.

'नवं होतं दादा. तीन महिन्यांत जळका वास.
आता दुसरं घ्याचं आहे. टिकाऊ पाहिजे,
अन् ताव धरून ठेवनारं. तू सांग कोनतं.'
मी म्हटलं, याला बंदी आहे ना रे?
'बंदी तं वर्ध्यात दारूलेबी आहे.'

मी उघडलं.
आत केसाएवढी तार, स्प्रिंगसारखी वळलेली,
आणि तिच्या पोटात कापूस.
काळा पडलेला, तरी ओळखू आला.
आमच्याकडे धान. पण हिंगणघाटाकडे, मामाच्या शेतात,
वेचताना नखांत शिरायचा तोच हा,
कुठले कुठले समुद्र फिरून
निकेशच्या खिशात परत आलेला,
अंगाला आंब्याचा खोटा वास लावून.

बाकावर फागोजी लांजेवार. रोज असतात.
रेडिओ दुरुस्तीला टाकून दोन वर्षं झाली,
न्यायला विसरतात, यायला विसरत नाहीत.
एकेकाळी बिडी कारखान्यात भट्टीवर होते:
जाळीवर कट्टे, खाली कोळसा,
बिडी शेकली पाहिजे, जळली नाही पाहिजे.
ओली राहिली तर बुरशी,
करपली तर मजुरीतून कापणार.
एकवीस वर्षं. स्वतः एकही ओढली नाही.
खोकला फुकटात मिळाला.

'आकडा दाखवते का हे?'
'दाखवते ना काका. दोनशे वीस.'
'अन् खरं किती रायते?'

हे निकेशला कोणी विचारलं नव्हतं,
विकणाऱ्यानं नाही, खोक्यावरच्या अक्षरांनी तर नाहीच.
मी मीटरचं टोक तारेला टेकवलं, बटन दाबलं.
पडद्यावर दोनशे वीस.
मीटरवर दोनशे ऐंशी, आणि चढतंच आहे.
निकेशचा हात छातीकडे गेला,
सहजच, खिसा चाचपल्यासारखा.

मग त्यानं फोनवर दोन फोटो दाखवले.
एक पोलादी, एक गुळगुळीत, निळ्या दिव्याचं.
मला जे कळतं ते मी सांगितलं:
डिंकानं चिकटवलेलं नको, स्क्रूवालं बघ.
ज्याची बॅटरी तुला काढता येत नाही
ते विकत घेतलेलं नसतंच,
भाड्यानं असतं.

फागोजी म्हणाले, 'आमच्याइथं आकडाच नोता.
पालथा हात जाळीवर धरा.
आठ मोजेपर्यंत टिकला, ताव बरोबर.
पाचावर वढला, कोळशावर राख टाका.
हाताले खोटं बोलता येत नाही, बापू.'
आणि हात पालथा करून दाखवला:
बोटांपासून कोपरापर्यंत एकही केस नाही,
तेल लावलेल्या तव्यासारखा.

'मंग मी कोनतं घेऊ?'
'घेशीन ते घे. पन पयले हात धरून पाय.'

साडेचारची पवनीची बस लागली.
निकेशनं रुमाल झटकून घडी केली,
तुकडे माझ्याकडेच राहू दिले.
'सांगतो मंग,' म्हणाला. काय, ते बोलला नाही.

मी कापसाचा तो काळा दाणा कचऱ्यात टाकला
आणि सोल्डरिंगची कांडी उचलली,
एक फोन संध्याकाळपर्यंत द्यायचा होता.
फागोजी उठले. कांडीच्या मूठभर वर पालथा हात.
एक, दोन, तीन
'हे किती आहे?'
तीनशे वीस, मी म्हटलं, बटनावरच लिहिलंय.
'नाही बा.'

मीटर अजून काउंटरवरच होतं. टेकवलं.
चारशे दहा.

आठवडाभर प्रत्येक फोनच्या आतल्या पट्ट्या उखडत होत्या,
आणि आठवडाभर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होतो,
माल चायनाचा आहे.