बिनकाट्याची

नवतपा लागलेला. पेपरात सेहेचाळीस,
बेसा रोडवर आमच्या तिसऱ्या माळ्यावर
त्याहून दोन जास्तच धरा.
गच्चीवरची टाकी दुपारी चहाचं पाणी फुकट देते,
आणि संध्याकाळी सातला येणार होते
ह्यांच्या ऑफिसातले लिल्हारे, बोमकंटीवार,
ठवरे मॅडम, त्यांच्या दोन्ही पोरी.
मी सकाळीच सांगून टाकलं,
आज शेगडीला सुट्टी.

दही रात्रीच बांधून ठेवलं होतं
फ्रिजात, चाळणीवर, खाली पातेलं.
सकाळी चक्का असा की बोट उमटावं.
मग ट्यूनाचे दोन डबे.
कडी ओढली तर सोड्याच्या बाटलीसारखा आवाज झाला,
आणि आत मासा असा नव्हताच.
गुलाबी-करडे तुकडे होते, तेलात,
ओला कापूस दाबून भरावा तसे.

अर्जुनीहून आबा आले होते, मोतीबिंदूच्या तारखेसाठी.
पन्नास वर्षं तळ्यात जाळं फेकलेले हात
मांडीवर ठेवून कुलरसमोर बसलेले.
डबा मागितला. नाकाशी नेला.
अंगठ्यानं चेपून पाहिलं.
‘कोन्या तरयातली वं?’
मी डब्यावर वाचलं: थायलंड.
‘मुंडकं?’
नाही.
‘काटा?’
तोही नाही, आबा.
‘मंग ओरखाची कशी,’ म्हणाले,
आणि डबा परत दिला
सरकारी कागद परत करावा तसा.

तेल निथळून टाकलं. काट्या-चमच्यानं कुस्करलं.
(काट्याचा चमचा! तेवढाच काय तो काटा.)
चक्का, कांदा अगदी बारीक, दोन लसूण ठेचून,
कैरी किसली अर्धी, मिरी,
मीठ जपून, कारण डब्यात आधीच असतं.
मूठभर सांबार.
पुण्याची माझी जाऊ ह्याला कोथिंबीर म्हणते
आणि मी सांबार म्हटलं की इडली शोधते.
झाकून पुन्हा फ्रिजात. झालं.
हात धुऊन घड्याळ पाहिलं, सतरा मिनिटं.
वास नाही, धूर नाही,
शेजारचं दार धाडकन लागलं नाही.

सातचे साडेआठ झाले.
काकडीच्या चकत्या, टोस्ट, खारी बिस्किटं.
लिल्हारे बोलले मिहानकडच्या प्लॉटबद्दल,
बोमकंटीवार बोलले लिल्हाऱ्यांच्या प्लॉटबद्दल,
ठवरे मॅडम बोलल्या, त्यांच्या पोरी बोलल्या,
तोंडात घास असताना बोलले सगळे,
वाडगा रिकामा होत गेला बोलण्याखाली.
‘काय मस्त झालंय, पनीर आहे का?’

आमच्या घरी मासोळी असली की कोणी बोलायचं नाही.
माय बल्बची वायर ताटापर्यंत ओढायची.
मरळ असो की बोटऱ्या, जीभ आधी चाचपून घ्यायची,
मग दात.
तळ्याचा ठेका, सोसायटीची उधारी,
मामाशी तुटलेलं,
सगळं हात धुतल्यावर.
भांडणाला सुद्धा थांबावं लागायचं
काटा सापडेपर्यंत.

आबा खुर्चीत कडेला.
टोस्टवर थोडंसं लावून दिलं होतं मी.
तोंडात घेतलं आणि गप्प झाले.
जबडा हळूहळू, डोळे मिटलेले,
गालाच्या आत जीभ फिरताना दिसत होती,
इकडून तिकडे,
पुन्हा इकडे.
बोमकंटीवारांनी विचारलं, ‘काका, तुमच्याकडे पाऊस कसा होता?’
आबांनी हात वर केला.
थांबा.

मी वाडगा उचलून आत आणला.
ओट्याशी उभी राहून बोटानं पुसून खाल्ला.
आंबट आहे, गार आहे, चांगला झाला आहे.
बाहेर हसण्याचा लोट आला,
आणि मी पाहिलं तर
माझी जीभसुद्धा शोधून राहिली होती.