सात मिनिटं मागे

बॅलार्ड इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर
मालवाहतुकीची जुनी कंपनी,
दगडी जिना, पितळी कठडा, आणि आत
सात अ‍ॅप्स, सात कुलपं:
कंटेनर, बिलं, पगार, रजा, गेटपास, कॅन्टीन,
आणि एक असं, की त्याचं काम काय विचारलं
तर सगळे एकमेकांकडे बघतात.

मला बोलावलंय सातांचं एक करायला.
साहेबांना समजावलं: यापुढे कुठलंच दार
स्वतः चौकशी करणार नाही,
कोपऱ्यावरच्या एका खिडकीकडे धाडेल.
खिडकी पारखेल, सही-शिक्क्याची चिठ्ठी देईल,
चिठ्ठी बघून दार उघडेल.
साहेब म्हणाले, "आणि खिडकीच बंद असली तर?"
मी चहा मागवला.

पहिला आठवडा नुसता नावं जुळवण्यात गेला.
बिलांतले परेरा तीन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन वसईला गेले,
पण नोंदींप्रमाणे काल रात्रीही कामावर होते.
दीड वाजता दोन ट्रकांचे गेटपास,
कॅन्टीनमध्ये कटिंग आणि ऑम्लेटपाव.
त्यांचा पासवर्ड अख्ख्या रात्रपाळीला पाठ.
शुक्रवारी खातं बंद करताना दळवी मागे उभा होता.
"माणूस चांगला होता."
"होता काय? आहे की वसईला."
"तिथं आहे. इथं तुम्ही मारताय."

मग हेमांगी.
पगारात हेमांगी दत्ताराम तांडेल,
रजेत हेमांगी संजीव पाठारे,
कंटेनरांत नुसती एच. एस. पी.,
गेटपासात हेमागी, अनुस्वार गळालेली.
यंत्र विचारतं, या चौघी की एक?
मी पडदा तिच्याकडे वळवला,
यातलं खरं कुठलं धरू म्हटलं.
ती बघत राहिली, जणू ओळखपरेडला बोलावलंय.
"कोर्टाची तारीख एकवीसची आहे.
तोवर चौघी राहिल्या तर चालेल?"
नियमात बसत नव्हतं.
तिचा क्रमांक धरला, शून्य तीन एक सात,
आणि नावं त्याखाली टांगली,
खुंटीवर कपडे टांगतात तशी.

शनिवारी रात्री बदल.
सहा दारं उघडली.
सातवं, तेच ते, चिठ्ठी बघतं आणि परत धाडतं.
खिडकी म्हणते खरा आहे, दार म्हणतं नाही,
पुन्हा खिडकी, पुन्हा दार,
ब्राउझर मधल्या मध्ये घिरट्या घालत.
सही तपासली. शिक्का तपासला.
पत्ता अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचला.
सव्वातीनला कळलं,
महाप्याच्या त्या मशीनचं घड्याळ सात मिनिटं मागे.
चिठ्ठीवरची वेळ त्याच्याकडे अजून झालीच नव्हती.
त्याच्या लेखी आम्ही कुणी आलोच नव्हतो.

घड्याळ लावलं. दार उघडलं.
आत एकच तक्ता:
भरती-ओहोटीच्या वेळा, रोज पहाटे भरलेल्या,
तीन वर्षं, एकही खाडा नाही.
भरणारा: एफ. परेरा.
नोंदी आल्या त्या वसईहून.
शेवटची ओळ शुक्रवारची. शनिवार कोरा.

चार वाजून बारा मिनिटं.
खिडकीच्या वहीत नवी ओळ आली:
एफ. परेरा, प्रवेश नाकारला.
चार तेरा. नाकारला.
चार चौदा.

पासवर्ड बदलायला सांगावं लागेल.
साहेबांना सोमवारी काहीतरी कारण द्यावं लागेल,
आणि हे वाचतं तरी कोण, हेही कुणी विचारेल.
मी खात्यावरची खूण काढली,
सहा दारं बंदच ठेवली, एक सोडून.

चार एकोणीस.
शनिवार: उशिरा. क्षमस्व.
रविवार: भरती ५.०२, ओहोटी ११.१४.