दम

"गाडीत दम नाही," म्हणत तो उतरला.
एवढंच. बाकीचं फाइलीत होतं:
अंधेरीच्या शोरूमचा कागद, टर्बो बदलणे,
बासष्ट हजार, मजुरी वेगळी.
तळवडेकर. विमानतळाच्या फेऱ्या मारतो.
मिस्त्री कुठेय, विचारलं त्याने.
मी हात पुसले. मीच.

रे रोडला, लोखंडाच्या वखारींमागे, माझं गॅरेज.
स्कॅनर लावला. कोड तोच, दाब कमी.
कोडचं काय, तो पेशंटसारखा,
दुखतंय म्हणतो, कुठे ते सांगत नाही.

किल्ली फिरवली, इंजिन बंदच ठेवलं.
सेन्सर म्हणाला, एक हजार आठ मिलीबार.
म्हणजे निव्वळ मुंबईची हवा,
समुद्राच्या पातळीची, खारी, कुणी न दाबलेली.
सेन्सर खरं बोलत होता. एक संशयित सुटला.

टर्बोचा दांडा दोन बोटांत धरून हलवला:
आडवा किंचित हलतो, तेवढा हक्क आहे त्याला.
आत-बाहेर हलला असता
तर मीही म्हटलं असतं, बासष्ट हजार.
हातपंपाने व्हॅक्यूम दिला;
सळई सरकली, सरकून तिथेच थांबली.

चालू इंजिनाला कान लावला. काही नाही.
बर्नाबस काका म्हणायचे,
उभ्या गाडीत नळी सोज्वळ असते,
चीर मिटून बसते,
ओझं चढलं की मग तोंड उघडते.
काका स्वतः दम्याचे.
वाक्य अर्ध्यावर सोडून पंप ओढायचे
आणि उरलेलं कधी दुसऱ्या दिवशी सांगायचे.

म्हणून बुच लावून तोंड बंद केलं,
कंप्रेसरची हवा भरली, एक बार, जास्त नाही.
शेजारच्या इम्तियाजचा ग्राइंडर थांबवला.
रेडिओ बंद. चहावाल्या पोराला खुणेने गप्प.
मग आलं ऐकू,
इंटरकूलरच्या खाली, क्लॅम्पच्या सावलीत,
झोपेतल्या माणसासारखं
फुस्स.

भांड्यांच्या साबणाचं पाणी ब्रशने लावलं.
एक बुडबुडा फुगला, फुटला,
त्याच जागी दुसरा.
तळवडेकर गुडघ्यांवर वाकून बघत राहिला,
करंगळीच्या नखाएवढी चीर.
"मेव्हण्याकडे पैसे मागितले होते," म्हणाला,
"पैसे नाही दिले. दम दिला."

नळी अठराशे पन्नास, क्लॅम्प ऐंशी, मजुरी पाचशे.
फ्रीवेच्या चढावर, तिसऱ्या गिअरात,
मी पाय पूर्ण दाबला:
अठराशे, दोन हजार, बावीसशे.
पाठ सीटला टेकली दोघांची.
तो काही बोलला नाही,
बंद काचेकडे बघत होता.

परतल्यावर बिल वाचलं, दोनदा.
"साबणाचे नाही ना लावले?"
आणि तीस रुपये कमीच दिले.

जुनी नळी खिळ्याला टांगली आहे, बाकीच्यांशेजारी.
हातात घेतली तर धड दिसते.
वाकवली की बोलते.