पूर्वेची काच

वार्डो बेटावरून नोव्हेंबरात सूर्य जातो
तो दोन महिने फिरकत नाही.
यंदा त्याच्याही आधी मासळीचा कारखाना गेला.
आमच्या गल्लीत सात घरं काळोखी.

रागनफ्रिद तरी रोज सकाळी बाहेर येते,
कोमट फडक्यानं
पूर्वेच्या खिडकीवरचं मीठ पुसते,
कोपऱ्यांसकट.
मग आत जाऊन एक स्तोत्र मोठ्यानं वाचते,
घसा बसलेला असला तरी.
कधी मध्येच थांबून देवाला म्हणते,
"हे तुझं तुला तरी पटतं का?"
आणि पुढची ओळ घेते.

नंतर तोर्लाइफला फोन.
कारखाना गेल्यापासून तो उचलतो, बोलत नाही.
ती वारा कुठला ते सांगते,
दोघांच्या वतीनं आमेन म्हणते, ठेवते.

मी एकदा विचारलं, आशा वाटते का गं?
"वाटण्याचं मला विचारू नकोस.
ते फडकं शेगडीवर टाक, उद्या लागेल."

जानेवारीत ती तापानं पडली.
तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी सूप घेऊन गेले,
तर खिडकीशी तोर्लाइफ,
हातमोजा दातांत धरून
नखानं मीठ खरवडत होता.

अंधार होता तसाच.
त्यानं काचेवर टकटक केली,
घसा खाकरला,
"आज कुठलं पान?"