ओला टन

लिलाँग्वे, जून. हीटर एकच, तोही इल्दिकोच्या पायाशी.
चौथा दिवस, आणि फळ्यावर अजून
एकाच देशाचे, एकाच पिकाचे, एकाच हंगामाचे
दोन आकडे एकमेकांकडे पाठ करून बसलेले.

स्वेर्रे म्हणतो, सरकारनं मकेवाल्याला दिलं : शंभरात दोन.
इल्दिको म्हणते, दिलं कसलं, काढून घेतलं : शंभरात सात.
उणे चिन्ह ती असं ओढते
की खडू तुटतो.

सगळं तपासून झालं होतं.
बैराच्या बंदरातला भाव, तिथून इथवरचं ट्रकचं भाडं,
ट्रक नाक्यावर उभा राहिला त्या अकरा रात्री कुणाच्या खात्यात,
क्वाचाचा दर बँकेतला की बाजारातला,
स्वस्त खताची पोती,
आणि निर्यातबंदीचं ते एकपानी परिपत्रक,
ज्यानं भाव पडला हे सगळ्यांना माहीत,
किती पडला हे कुणालाच नाही.
बिश्केकच्या नुरझातनं मध्येच दुधाचं काढलं :
दूध काही सीमा ओलांडत नाही,
लोणी नि पावडर ओलांडतात,
त्यांच्यावरून आपण न आलेल्या दुधाचा भाव रचतो.
कुणी हसलं नाही. हेच तर आमचं काम.

साडेतीनला गोदामाची लव्हनेस चिम्वेन्जे
कसल्याशा कागदावर न्यिरोंगोची सही घ्यायला आली
आणि फळ्यापाशी थबकली.
"तुमचा टन ओला की सुका?"

मी इतिवृत्तात लिहिलं : प्रश्न.
पुढे काय लिहावं ते सुचेना.

स्वेर्रेचा टन सुका, बंदरातल्यासारखा खडखडीत.
इल्दिकोचा एप्रिलमधला,
गोदामाच्या वहीतून जसाच्या तसा उचललेला.
टनामागे साठेक किलो पाणी
आम्ही चार दिवस
शेतकऱ्याचा तोटा म्हणून मांडत होतो.

न्यिरोंगोनं पुन्हा गणित घातलं.
उणे सात घसरत घसरत उणे एकाशी आलं.
तरी तिनाचा फरक उरलाच.

"मग ओल्याचे पैसे कापतं कोण? कुठल्या नियमानं?"
इल्दिकोनं विचारलं. खडू हातातच.
"व्यापारी दाणा दाताखाली धरतो," लव्हनेस म्हणाली,
"कट्ट वाजला तर पुरता भाव.
नाही वाजला, तर त्याच्या मनाला येईल तेवढा कमी.
शाळेची फी भरायची असते तेव्हा
कुणी मका वाळत घालत बसत नाही."

आमच्या पुस्तिकेची पानं दोनशे चौदा.
दातासाठी रकाना नाही.

तिनं स्वेटरच्या खिशातून चार-सहा दाणे काढून
टेबलावर ठेवले, नकाशावर, बैराच्या जरा अलीकडे.
न्यिरोंगोनं एक चावला. कट्ट.
नुरझातनं चावला, मान हलवली.
स्वेर्रे बराच वेळ चघळत राहिला
आणि म्हणाला, मला काही ऐकू आलं नाही.
इल्दिकोची दाढ नुकतीच भरलेली,
तिनं आपला दाणा चष्म्याच्या डबीत टाकला.

मी लिहिलं : तळटीप नऊ.
आणि तिच्यापुढे
दोन बोटं जागा सोडली.