शून्य ते चार

खुर्ची सतरा इंच उंच, हात नसलेली,
सरकू नये म्हणून भिंतीला टेकवलेली.
हातांची छातीवर घडी घाला, दोसिंदा,
आणि तीस सेकंदांत जमेल तितक्या वेळा उठा, बसा.
ती हसते. म्हणते, चर्चमध्ये आम्ही दुसरं काय करतो,
फक्त घड्याळ लावून कुणी बसत नाही.

सात.
आठव्याला ती मध्येच थांबली,
ना उभी ना बसलेली,
आणि खिडकीतून आरोउसाच्या खाडीकडे बघू लागली
जणू तिकडून कुणी हाक मारली होती.
वेळ संपताना अर्ध्याहून जास्त उठलेली असेल तर
एक धरायचा, असा नियम.
मी धरला नाही.
मग धरला.

आता प्रश्न. चोवीस आहेत.
अजिबात त्रास नाही, शून्य. असह्य, चार.
जिना उतरताना?
आमच्याकडे जिनाच नाही, नवरा बांधणार होता, बांधणारच होता.
गाडीत बसता-उतरताना?
कुणाच्या गाडीत?
मोजे घालताना?
इथे ती जरा गप्प.
मोजे ओब्दुलिया घालते, शेजारीण, पहाटे.
मी तिची वेणी घालते, तिचा हात खांद्यावर जात नाही.
लिही शून्य. मोजे घातले तर जातात ना.

चौकोन एवढासा.
त्यात ओब्दुलिया मावत नाही.

पन्नास वर्षं ही ओहोटीमागून खाली उतरते.
रबरी बूट, बादली, आखूड दांड्याचं दाताळं,
कमरेत वाकून वाळू ओढायची,
तिसऱ्या, खुबे, पुन्हा तिसऱ्या.
लहान निघाल्या तर परत टाकायच्या,
त्यासाठी एक पट्टी असते, तिच्यातून आरपार गेली की लहान.
बादलीत खुबे भरत गेले
आणि उजव्या खुब्यातली फट बुजत गेली.
एक्स-रेमध्ये हाडावर हाड.

पण एक्स-रेचं काय सांगावं.
याहून वाईट एक्स-रेवाले मी जत्रेत नाचताना पाहिलेत,
आणि बऱ्यापैकी एक्स-रेवाले
संडासातून उठता येईना म्हणून रडताना.
म्हणून तर विचारायचं.
म्हणून हा कागद.

वाकून जमिनीवरची वस्तू उचलताना?
काहीही नाही, ती म्हणाली,
फार पटकन.

तेव्हा लक्षात आलं.
हा कागद दोन टेबलांवर जातो.
एकावर आकडा मोठा हवा, म्हणजे नवा सांधा लवकर.
दुसऱ्यावर लहान हवा, म्हणजे पुढच्या वर्षीचा परवाना.
तिने विचारलं, एकदाच, आवाज न चढवता:
पोरी, तू कुठल्या टेबलासाठी विचारतेस?

मी पेनचं टोपण काढलं, लावलं, काढलं.

मग चालणं. बोळातून वीस मीटर, वळायचं, परत,
सहा मिनिटं.
वळायला तिला पाच पावलं लागतात
आणि भिंतीला दोन बोटं.
दोन बोटांसाठी रकाना आहे.
चौथ्या फेरीला म्हणाली,
या बोळात भरती येत नाही,
मग घाई कसली?

शनिवारी ओहोटी सात-वीसला होती.
मी गेले. कामासाठी नाही, असं स्वतःला सांगत.
धक्क्यावरून सगळ्यांच्या पाठी सारख्याच दिसतात,
तिला ओळखलं ते उठण्यावरून:
दाताळं वाळूत रोवलं, डावा पाय, थांबली,
ओब्दुलियाने न बघताच कोपर पुढे केलं,
उजवा पाय.
अकरा सेकंद.
मोजायची खोड जात नाही.
ती उभी राहिली, कमरेवर हात ठेवून थोडं आभाळ पाहिलं
आणि पुन्हा खाली गेली.

सोमवारी त्या चौकोनातलं शून्य
मी खोडलं नाही.
शेजारी पेन्सिलीने लिहिलं,
दाताळ्यासह.
आणि मग, समासात जागा होती म्हणून,
ओब्दुलियासह.